वाचकांचे प्रश्न : ‘क्षमा व्हावी म्हणून’ की ‘क्षमा झाली म्हणून’?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच ग्रीक शब्दाभोवती फिरत आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. तो शब्द म्हणजे बायबलच्या नव्या करारात पानोपानी येणारा ‘एइस’. पहिल्या पत्रातला प्रश्न सर्वांत कळीचा असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीत बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी प्रेषितांची कृत्ये २:३८ या वचनावर प्रवचन केले. आमच्या पवित्र शास्त्रात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, ‘पश्चात्ताप करा आणि तुमच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून तुम्ही प्रत्येक जण येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या.’ उपदेशकांचे म्हणणे असे की, मूळ ग्रीकमध्ये येथे ‘एइस’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ ‘कारणाने’ असाही होतो आणि म्हणून खरे भाषांतर ‘क्षमा झाली म्हणून बाप्तिस्मा घ्या’ असे हवे. पुरावा म्हणून त्यांनी मत्तय १२:४१ मधले, योना संदेष्ट्याचे ऐकून पश्चात्ताप करणारे निनवेचे लोक दाखवले. आमचे मराठी भाषांतर चुकले आहे काय? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : चुकलेले नाही. मात्र उपदेशकांनी मांडलेला मुद्दा त्यांच्या पदरचा नाही. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांची चर्चा आहे आणि तीत चांगले व्याकरणकार उतरलेले आहेत, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी शब्द पाहू. ‘एइस’ हे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे आहे. आपण असे अव्यय नामाला मागून जोडतो, ग्रीक भाषा ते नामाच्या आधी ठेवते, एवढाच फरक. त्याच्यापुढचे नाम नेहमी द्वितीयेत असते. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘ग्रामं गच्छति’ आठवत असेल. गावाकडे जाणाऱ्याची दिशा तिथे द्वितीया दाखवते, आणि ‘एइस’चा गाभाही तोच, म्हणजे बाहेरून आत किंवा इकडून तिकडे जाणे. त्या जाण्याचा शेवट एखादे स्थळ असेल तर आपण ‘-त’, ‘-ला’ किंवा ‘-कडे’ म्हणतो. शेवट काळाचा असेल तर ‘-पर्यंत’ म्हणतो, आणि एखादी कृती ज्या हेतूकडे निघाली आहे तो हेतू सांगायचा असेल तर ‘-साठी’ म्हणतो. नव्या करारात हे अव्यय सुमारे साडेसतराशे वेळा येते, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी हा बाण पुढे रोखलेला असतो.

आता पेत्राच्या वाक्याकडे वळू. त्याचे भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागते, ते ‘आम्ही काय करावे?’ असे विचारतात आणि त्यावर तो पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घ्यायला सांगतो. त्या उत्तरात ‘एइस आफेसिन’ हे शब्द येतात. ‘आफेसिस’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे, माफी. हे नाम आहे, क्रियापद नाही, आणि नामाला काळ नसतो, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. ग्रीक वाक्य केवळ ‘माफीकडे’ बोट दाखवून थांबू शकते. मराठीत मात्र ‘क्षमेकडे बाप्तिस्मा घ्या’ असे म्हणता येत नाही, म्हणून भाषांतरकाराने ‘म्हणून’ हा शब्द घेतला, आणि आपला ‘म्हणून’ दुतोंडी आहे. ‘पाऊस आला म्हणून पेरणी केली’ यात तो कारण दाखवतो आणि ‘पाऊस यावा म्हणून नवस केला’ यात हेतू दाखवतो. दोहोंमधला भेद ‘म्हणून’ करत नाही, तो ‘आला’ आणि ‘यावा’ ही क्रियापदाची रूपे करतात. त्यामुळे मराठीत हा सगळा वाद ‘व्हावी’ आणि ‘झाली’ या दोन रूपांवर येऊन ठेपतो आणि भाषांतरकाराला त्यांतले एक निवडावेच लागते. ग्रीकमध्ये न उच्चारलेला काळ मराठीत उच्चारणे भाग पडते.

आपल्या भाषांतरकारांनी ‘व्हावी’ निवडले याला भक्कम आधार आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू प्याला घेऊन म्हणतो की, आपले रक्त पुष्कळांसाठी ‘एइस आफेसिन हामार्तिओन’, म्हणजे पापांच्या क्षमेकरता, ओतले जात आहे (मत्तय २६:२८). शब्द तेच, अव्यय तेच. तिथे ‘पापांची क्षमा आधीच झाली म्हणून रक्त ओतले जात आहे’ असा अर्थ कोणत्याही पंथाचा पाळक लावणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्याविषयी मार्क १:४ आणि लूक ३:३ येथेही हीच शब्दरचना आहे. एखाद्या लेखकाचा शब्द त्याच वळणाने चार ठिकाणी येत असेल आणि तीन ठिकाणी त्याचा अर्थ वादातीत असेल, तर चौथ्या ठिकाणी वेगळा अर्थ सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. येथे लेखक एकच नाहीत हे मान्य, पण शब्दप्रयोग एकाच समाजाच्या तोंडातला आहे.

मग निनवेच्या लोकांचे काय? मत्तय १२:४१ मध्ये त्यांनी ‘एइस तो केरुग्मा योना’, म्हणजे योनाच्या घोषणेला, पश्चात्ताप केला असे म्हटले आहे. घोषणा आधी झाली आणि पश्चात्ताप नंतर, म्हणून येथे ‘एइस’ कारणदर्शक आहे, असा युक्तिवाद केला जातो. ए. टी. रॉबर्टसन या बाप्टिस्ट पंडिताच्या १९१४ मधील विस्तृत व्याकरणात हे मत आढळते. आपण मात्र ‘हाकेला धावून आला’ हा प्रयोग घ्या. हाक आधी आणि धावणे नंतर, हे खरेच. तरी ‘हाकेला’ मधला ‘-ला’ कारणाचा आहे असे आपण म्हणू का? धावणारा ज्या दिशेने वळला ती दिशा तो ‘-ला’ दाखवतो, आणि कारण आपल्याला प्रसंगावरून कळते. योनाची घोषणा ही निनवेकरांना आलेली हाक होती आणि ते तिला वळले. ‘एइस’चा नेहमीचा अर्थ येथे पुरेसा आहे, त्यासाठी नवा अर्थ जन्माला घालायला नको.

हा वाद एकदा विद्वानांच्या नियतकालिकात समोरासमोर झाला होता. बाप्टिस्ट परंपरेतील व्याकरणकार ज्युलियस मँटी यांनी १९५१ साली ‘जर्नल ऑफ बिब्लिकल लिटरेचर’मध्ये कारणदर्शक ‘एइस’ची बाजू मांडली आणि बायबलबाहेरच्या ग्रीक ग्रंथांतून उदाहरणे दिली. फिलो आणि जोसीफस या ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या प्राचीन यहुदी लेखकांच्या ग्रंथांचे भाषांतरकार राल्फ मार्कस यांनी ती उदाहरणे एकेक करून तपासली आणि त्यांतून कारणाचा अर्थ निश्चितपणे सिद्ध होत नाही असे दाखवले. मँटी यांनी पुन्हा उत्तर दिले, १९५२ मध्ये मार्कस यांनी त्याला पुन्हा प्रत्युत्तर दिले. मार्कस यांचा निष्कर्ष फार मोजका होता. बाप्तिस्म्याविषयीच्या वचनांचा मँटी यांनी लावलेला अर्थ बरोबर असेलही, पण तसा तो असला तर भाषेच्या बाहेरच्या कारणांनी असेल. मला हे म्हणणे पटते.

आपल्या उपदेशकांच्या युक्तिवादाला आणखी एक आधार बहुधा इंग्रजीतून आलेला असावा. इंग्रजी बायबलमध्ये येथे ‘फॉर’ हा शब्द आहे आणि तो हेतू व कारण दोन्ही दाखवतो. आपल्या ‘साठी’लाही ही खोड आहेच. ‘औषधासाठी गेला’ यात औषध पुढे आहे, ‘चोरीसाठी शिक्षा झाली’ यात चोरी मागे पडली आहे. पण ही दुहेरी चाल ‘फॉर’ची आणि ‘साठी’ची आहे, ती ग्रीक अव्ययावर लादता येत नाही.

याचा अर्थ बाप्तिस्म्याविषयीचा सिद्धांत एका अव्ययाने निकालात निघाला, असा मात्र नाही. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पेत्राचे ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा आधी उतरतो आणि बाप्तिस्मा नंतर होतो (कृत्ये १०:४४-४८). कृत्ये ३:१९ मध्ये तोच पेत्र पापे पुसली जावीत म्हणून पश्चात्ताप करून वळायला सांगतो, आणि तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. ज्यांना बाप्तिस्मा हा क्षमेचा मार्ग नसून तिची साक्ष आहे असे मांडायचे आहे, त्यांनी अशा वचनांवर उभे राहावे. काही जण २:३८ मध्येच दुसरी वाट काढतात. ‘पश्चात्ताप करा’ हे अनेकवचनी आणि ‘बाप्तिस्मा घ्यावा’ हे एकवचनी आहे, त्यामुळे अनेकवचनी ‘तुमच्या पापांची क्षमा’ फक्त पश्चात्तापाला जोडावी आणि मधला बाप्तिस्मा कंसात टाकावा, असे ते सुचवतात. मला हे ओढूनताणून केलेले वाटते, कारण त्या एकवचनी क्रियापदाचा कर्ताच ‘तुमच्यापैकी प्रत्येक जण’ असा आहे. तेव्हा ‘तुमच्या’ हा शब्द तिथेही हजर आहेच.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने’ असे म्हणतात. एका अभ्यासवर्गात ऐकले की मूळ ग्रीकमध्ये ‘नावाने’ नसून ‘नावात’ असे आहे. हे खरे आहे का, आणि त्याने अर्थात काही फरक पडतो का? — एक वाचक, वसई

उत्तर : प्रश्न वाटतो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण ग्रीकमध्ये एक नव्हे, तीन रचना आहेत आणि मराठीने त्या तिन्ही ‘नावाने’ या एका शब्दात गोळा केल्या आहेत. मत्तय २८:१९ मध्ये आणि कृत्ये ८:१६ व १९:५ मध्ये ‘एइस तो ओनोमा’ आहे. कर्नेल्याच्या प्रसंगी, कृत्ये १०:४८ मध्ये, ‘एन तो ओनोमाती’ आहे. कृत्ये २:३८ मध्ये ‘एपी तो ओनोमाती’ आहे, जरी काही जुन्या हस्तलिखितांत तिथेही ‘एन’ सापडतो. ‘एन’ म्हणजे आत किंवा साहाय्याने, आणि ‘एपी’ म्हणजे वर, आधाराने. तेव्हा शब्दशः पाहिले तर ‘नावाकडे’, ‘नावात’ आणि ‘नावावर’ असे तीन प्रकार होतात.

हे सपाटीकरण मराठीने सुरू केलेले नाही. वल्गेट या जुन्या लॅटिन बायबलमध्ये मत्तय २८:१९ ला ‘इन नोमिने’ असे स्थिर विभक्तीतले रूप आले आणि पश्चिमेकडच्या सगळ्या उपासनाविधीत तेच रुळले. इंग्रजीत १६११ च्या अधिकृत भाषांतराने ‘इन’ ठेवला, १८८१ च्या सुधारित नव्या कराराने तो बदलून ‘इन्टू’ केला. आपल्या चर्चमध्ये जे ऐकू येते त्यामागे ही लॅटिन परंपरा आहे.

आता ‘एइस तो ओनोमा’ याचा नेमका भाव काय, याविषयी दोन मते आहेत. इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडलेल्या ग्रीक पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या दस्तऐवजांत, हा शब्दप्रयोग हिशेबाच्या कागदांवर दिसतो, आणि तिथे रक्कम किंवा मालमत्ता अमक्याच्या खाती जमा होते. आडोल्फ डाइसमन यांनी पपायरसांकडे लक्ष वेधले आणि विल्हेल्म हाइटम्युलर यांनी १९०३ मध्ये या धाग्याने ‘नावा’च्या सर्व रचनांचा अभ्यास केला. त्या मतानुसार बाप्तिस्मा घेणारा माणूस ख्रिस्ताच्या मालकीत जातो. हे समजायला मराठी माणसाला पपायरस लागत नाही. सातबारा मुलाच्या नावावर झाला की जमीन त्याची झाली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते. ‘नावाने’ आणि ‘नावावर’ यांतला फरक तलाठ्याच्या कचेरीत जेवढा धारदार असतो, तेवढाच धारदार या वचनातही आहे.

दुसरे मत असे की, येशूचे शिष्य आरामाईक बोलणारे यहुदी होते, तेव्हा ग्रीक प्रयोगाच्या मागे हिब्रूतला ‘लेशेम’ शोधावा. ‘लेशेम’ म्हणजे अक्षरशः ‘नावाला’, पण व्यवहारात ‘उद्देशून’, ‘अमुक लक्षात ठेवून’. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात यज्ञपशू कशाकशाच्या ‘लेशेम’ मारावा याची यादी आहे. यहुदी परंपरेत दासाला स्नान घालतानाही ते दास्याच्या ‘लेशेम’ की मुक्तीच्या ‘लेशेम’ हे महत्त्वाचे ठरते. ते स्नान कोणत्या नव्या नात्यात नेणारे आहे, हे त्या शब्दाने ठरते.

माझ्या मते दोन्ही वाटा एकाच गावाला जातात, आणि ते गाव पौलाने १ करिंथ १:१२-१३ मध्ये दाखवले आहे. करिंथची मंडळी ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसचा’ असे म्हणत गट पाडत होती. त्यावर पौल खडसावून विचारतो की, तुमचा बाप्तिस्मा काय पौलाच्या नावात झाला होता? तिथे ‘एइस’च आहे. ‘मी पौलाचा’ ही षष्ठी आणि ‘पौलाच्या नावात’ हे ‘एइस’ त्याच्या मनात एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे ज्याच्या नावात बाप्तिस्मा, त्याचा तो माणूस. रोमकरांस ६:३ मध्ये तो ‘नाव’ हा शब्दही गाळतो आणि सरळ ‘ख्रिस्तात’, पुढे ‘त्याच्या मरणात’ बाप्तिस्मा झाला असे म्हणतो.

म्हणून आपल्या अभ्यासवर्गात सांगितलेले मत्तय २८:१९ पुरते बरोबर आहे, फक्त ‘नावात’ने अर्थ पूर्ण उतरत नाही. आपल्या बोलीत ‘नावाने’ अधिकाराचा भाव देतो, शिवाय ‘नावाने खडे फोडणे’ आणि ‘नावानं चांगभलं’ हेही त्याच शब्दाच्या पोटात आहे. ‘नावावर’ मालकीच्या सर्वांत जवळ जातो, पण उपासनेच्या ओळीत तो कचेरीचा वास घेऊन येईल. विधीतला शब्द बदला असे मी सुचवत नाही. शिकवताना मात्र सातबाऱ्याचा दाखला जरूर द्यावा.

प्रश्न : मार्क १:९ मध्ये येशूचा बाप्तिस्मा ‘यार्देनेच्या आत’ झाला असे ग्रीकमध्ये आहे आणि त्यावरून संपूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा द्यावा हे सिद्ध होते, असे आमच्या एका स्नेह्यांचे ठाम मत आहे. आपले मत काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : बुडवून बाप्तिस्मा देण्याच्या बाजूने चांगले पुरावे आहेत. ‘बाप्तिझो’ या क्रियापदाचा मूळ अर्थच बुडवणे हा आहे. पण आपल्या स्नेह्यांनी धरलेला आधार त्यांतला सर्वांत कमजोर आहे. मार्क १:५ मध्ये लोकांचा बाप्तिस्मा ‘एन’ यार्देन होतो आणि चारच वचने पुढे येशूचा ‘एइस’ यार्देन होतो. मार्कच्या कानाला ही दोन अव्यये जवळजवळ सारखी होती. १३:१६ मध्ये तो शेतात असलेल्या माणसाविषयी ‘एइस’ वापरतो, जणू तो माणूस शेतात उभा नसून शेताकडे निघाला आहे. मत्तयाने तोच मजकूर घेताना तिथे ‘एन’ ठेवला (२४:१८). तोंडातली भाषा एकाने तशीच ठेवली आणि दुसऱ्याने ती जरा घासूनपुसून लिहिली, हे दोन शुभवर्तमाने शेजारी ठेवली की स्पष्ट दिसते. लूक ११:७ मधला मध्यरात्रीचा शेजारीसुद्धा ‘माझी मुले माझ्याबरोबर अंथरुणात आहेत’ हे सांगताना ‘एइस’च वापरतो.

हा भेद आपल्या कानाला जाणवत नाही, कारण मराठीत तो फार पूर्वी विरघळला आहे. संस्कृत ‘ग्रामं गच्छति’ आणि ‘ग्रामे वसति’ असे दोन विभक्तींनी सांगते. आपण ‘शाळेत गेला’ आणि ‘शाळेत बसला’ दोन्हीकडे ‘-त’ लावतो, ‘पुण्याला गेला’ आणि ‘पुण्याला राहतो’ दोन्हीकडे ‘-ला’ लावतो. पहिल्या शतकातली बोलीभाषेतली ग्रीक त्याच उतारावर होती. पुढे ‘एइस’ने ‘एन’ला गिळून टाकले, आणि आजच्या ग्रीकमध्ये त्याचाच ‘से’ होऊन तो जाणे आणि असणे दोन्हींना पुरतो. इस्तंबूल हे नावही ग्रीक ‘एइस तेन पोलिन’, म्हणजे ‘शहरात’ किंवा ‘शहराकडे’, यावरून आले असे सामान्यतः मानले जाते.

शिवाय कृत्ये ८:३८ पाहावे. फिलिप्प आणि त्याच्याकडून बाप्तिस्मा घेणारा कूशी षंढ दोघेही ‘एइस’ पाण्यात उतरले असे तिथे लिहिले आहे. अव्ययाने बुडणे सिद्ध होत असेल तर बाप्तिस्मा देणारा फिलिप्पही बुडाला असे मानावे लागेल. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तकात, ज्याचे हस्तलिखित १८७३ साली इस्तंबूलमध्ये हाती लागले, वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा असे आधी सांगितले आहे. तसे पाणी नसेल तर दुसऱ्या पाण्यात द्यावा, आणि पुरेसे पाणीच नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावे. या शेवटच्या ओतण्याच्या ओळीतही पित्याच्या, पुत्राच्या आणि आत्म्याच्या नावाआधी ‘एइस’च आहे.

याच कारणाने योहान १:१८ विषयीही सावध राहावे. तिथे पुत्र पित्याच्या ‘एइस’ उराशी आहे, आणि त्यावरून पुत्र सतत पित्याकडे झेपावत आहे असे सुंदर प्रवचन करता येते. तेराव्या अध्यायात जेवणाच्या वेळी येशूच्या उराशी टेकलेल्या शिष्यासाठी मात्र योहानाने ‘एन’ वापरला आहे, हे त्या प्रवचनाच्या बाजूने जाते. तरीही त्या काळची ढिली पडलेली भाषा पाहता या भेदावर सिद्धांत उभारण्याइतका मी धीट नाही. मराठीतले ‘उराशी’ मला फार आवडते, कारण त्यातला ‘-शी’ जवळीक दाखवतो आणि गती की स्थिती या भानगडीत पडतच नाही.

प्रश्न : योहानाच्या शुभवर्तमानात ‘त्याच्यावर विश्वास ठेवणे’ पुन्हा पुन्हा येते. तिथेही हेच अव्यय आहे काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : होय, ३:१६ मध्येही तेच आहे. योहानाने ‘विश्वास’ हे नाम आपल्या शुभवर्तमानात एकदाही वापरलेले नाही, क्रियापद मात्र नव्वदहून अधिक वेळा वापरले आहे आणि त्यांतल्या तीसहून अधिक ठिकाणी त्याला ‘एइस’ जोडला आहे. अभिजात ग्रीकमध्ये एखाद्याचे म्हणणे खरे मानणे हे साध्या चतुर्थीने सांगत. ‘एखाद्यामध्ये विश्वासणे’ ही रचना ख्रिस्ती लेखनातच ठळकपणे पुढे आली. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने लॅटिनमध्ये याच भेदावर बोट ठेवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ख्रिस्ताचे खरे मानणे भुतांनाही जमते, ख्रिस्तामध्ये विश्वासणे म्हणजे प्रेमाने त्याच्यापाशी जाणे. मात्र हा भेद योहान सगळीकडे काटेकोर पाळतो असे नाही. ८:३० मध्ये ‘एइस’ आहे, लगेच पुढच्या वचनात साधी चतुर्थी आहे, आणि दोन्हीकडे वेगळे लोक आहेत की तेच, यावर टीकाकारांचे एकमत नाही. मराठीत ‘-वर विश्वास ठेवणे’ आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की, त्यातली वाटचाल हरवते. ‘ठेवणे’ हा तर एका जागी स्थिर करणारा शब्द आहे. ‘शरण जाणे’ यातला ‘जाणे’ भाषांतरात आणता आला असता तर बरे झाले असते, पण त्याने दुसरेच अर्थ चिकटले असते.

प्रश्न : हा शब्द ‘एइस’ असा म्हणावा, ‘ऐस’ की ‘ईस’? आणि ‘एक’ या अर्थाचा ग्रीक शब्दही असाच आहे ना? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : पाश्चात्त्य धर्तीच्या सेमिनरींत सहसा दोन स्वर एका दमात घेऊन ‘एइस’ असा उच्चार शिकवतात, आजचा ग्रीक माणूस ‘ईस’ म्हणतो. पौलाच्या काळी सामान्य लोकांच्या तोंडी तो ‘ईस’च झालेला होता, हे त्या काळच्या पपायरसांतल्या शुद्धलेखनाच्या चुकांवरून कळते, कारण लिहिणारे या जोडस्वराच्या जागी नुसता ‘ई’ लिहून मोकळे होतात. वर्गात जे शिकवतात ते म्हणावे आणि परीक्षेत उच्चार विचारत नाहीत याचा आनंद मानावा.

‘एक’ या अर्थाचा पुल्लिंगी शब्द ‘हेइस’ आहे. छापील ग्रंथात आरंभीच्या स्वरावरचे श्वासचिन्ह उलट वळते आणि स्वरचिन्हही असते, एवढीच खूण. आरंभीच्या मोठ्या अक्षरांच्या हस्तलिखितांत ही चिन्हे सहसा नव्हती, त्यामुळे दोन्ही शब्द अक्षर न् अक्षर सारखे दिसत आणि वाचणाऱ्याला पुढच्या नामाच्या विभक्तीवरून ओळखावे लागे. इफिसकरांस ४:५ मध्ये ‘एक प्रभू’ म्हणताना प्रभू हा शब्द प्रथमेत आहे, म्हणून तिथे अव्यय असूच शकत नाही. आपल्याला सराव हवा असेल तर १ योहान ५:८ च्या शेवटची चार-पाच ग्रीक पदे चिन्हे न लावता लिहून पाहावीत. आत्मा, पाणी आणि रक्त हे ‘तिघे एकाकडे आहेत’, म्हणजे त्यांची साक्ष एक आहे, असे तिथे म्हटले आहे. ‘एइस’ हे अव्यय, ‘हेन’ हा नपुंसकलिंगी ‘एक’ आणि ‘एइसिन’ हे ‘आहेत’ या अर्थाचे क्रियापद ओळीने उभे राहतात, आणि कोणता शब्द कुठे संपतो हे शोधता शोधता चांगला अर्धा तास जातो.